कॅथलिक देशातलं गरोदरपण आणि गर्भपाताचा कायदा : तुमचे अनुभव

आयर्लंडमधल्या सविता हलप्पनवारची बातमी २०१२ला आपण सगळ्यांनीच वाचली. १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत, पण ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला आणि सेप्सिसनं गेली. अशा देशांत राहिलेल्यांनो, तुमचा या कायद्याशी कधी संबंध आला का? ऐकीव नको, स्वतःचं किंवा अगदी जवळचं लिहा.

लिफीकाठची: मी तेव्हा डब्लिनमधे नर्स होते. १९८३च्या आठव्या घटनादुरुस्तीनं आईच्या आणि गर्भाच्या जिवाला सारखाच हक्क दिलेला, त्यामुळे 'जिवाला धोका' नक्की कधी सुरू झाला म्हणायचं यावर सीनियर लोकसुद्धा चाचपडायचे. आयरिश बायका गुपचूप इंग्लंडला जाऊन यायच्या, सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कोणी बोलायचं नाही. पण आपल्या पासपोर्टला ब्रिटनचा व्हिसा लागतो ना! माझी एक मैत्रीण त्यातच अडकली, अर्जात प्रवासाचं कारण काय लिहू म्हणून मलाच विचारत होती, इकडे आठवडे पुढे सरकतायत, शेवटी सरळ मुंबईचं तिकीट काढलं तिनं.

कुंदाप्रेमी: मी बेळगावचा, सविताच्या गावचा. ही आठवी दुरुस्ती काढून टाकायची का, यावरच्या २०१८च्या सार्वमताआधी तिच्या वडिलांनी इथून आयरिश लोकांना 'हो' म्हणा असं आवाहन केलं होतं. ६६.४ टक्के लोक हो म्हणाले. बहीण कॉर्कला आहे, तिला आता १२ आठवड्यांच्या आत गर्भपाताच्या गोळ्या मिळाल्या, मधे तीन दिवस थांबावं लागतंच, आणि तिच्या जीपीनं (फॅमिली डॉक्टरनं) 'मी हे करत नाही' सांगितल्यावर हेल्पलाइनवरून दुसरा शोधला.

पियेरोगी_पुणेकर: पोलंड. ऑक्टोबर २०२०च्या कोर्टाच्या निकालानं गर्भातलं गंभीर व्यंग हे कारणच कायदेशीर गर्भपाताच्या यादीतून गेलं. आमच्या अनॉमली स्कॅनला बायकोनं विचारलं, काही निघालं तर? डॉक्टरबाई स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, जर्मनी लांब नाही. काही निघालं नाही, सुटलो.

वसईची_पोर: मी स्वतः कॅथलिक, माल्टात नर्स. गर्भपात मला पटत नाही, आधीच सांगते. पण इथे २०२३पर्यंत आईचा जीव वाचवायलाही कायद्यात सूट नव्हती, आता आहे, तरी जिवाला अगदी लगेचचा धोका नसेल तर तीन स्पेशालिस्टनी मिळून ठरवायचं. माझ्या वॉर्डात ब्लीडिंग होणारी बाई आली की मला आधी तिचं बीपी बघायचं असतं हो, तीन सह्या कुठून येणार ते नाही. माझ्या फादरांनाही मी हेच सांगितलं, ते गप्प बसले.