गोलकीपरचा किट ऑनलाइन मागवताना तुमचं माप कुठे चुकलं?

माळ्यावरची_पेटी
दसऱ्याआधी माळा आवरायला काढला. एका पिशवीत लेकाचे गोलकीपरचे हातमोजे सापडले. दहा नंबर. तळव्यांचं लेटेक्स एकमेकांना चिकटून बसलेलं, सोडवायला गेले तर पापडासारखं तुटून हातात आलं. तिथेच पाटावर बसून राहिले थोडा वेळ.
तो तेव्हा चौदाचा. शाळेच्या संघात नुकताच गोलात उभा राहायला लागलेला. आम्ही कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पेठेची मॅच असली की ह्यांचं दुकान अर्धा दिवस बंद, पण हातमोज्याला माप असतं हे घरात एकाला माहीत असेल तर शपथ. मी गणवेशाचा हिशोब लावला, वाढत्या अंगाचं घ्यायचं. सगळा किट दोन मापं मोठा मागवला. पहिल्याच मॅचला सरळ छातीवर आलेला बॉल त्याने धरला, बॉल निसटला आणि उजवा मोजाही अर्धा निघून आला. गोल. रात्री पोरगं जेवलं नाही.
हाताला आठ नंबर लागत होता, हे नंतर कळलं. तुमचं सांगा, म्हणजे मला जरा बरं वाटेल.

रंकाळ्याचा_वारा
काकू, लई वाईट वाटलं आणि लई हसलो पण. आमच्या वेळी मोजेच नव्हते, मुरमाड मैदान आणि उघडे हात. कोपराची सालं निघायची. आईनं जुन्या उशीतला स्पंज फुल शर्टाच्या कोपरांना आतून शिवून दिला होता. पावसात तो पाणी प्यायचा आणि माझे दोन्ही हात किलोकिलोनं जड.

चहा_बिस्किट
मी 'कीपिंग ग्लोव्ह्ज' असं शोधून जे पहिलं दिसलं ते मागवलं. विकेटकीपिंगचे आले. भाच्याच्या वाढदिवसाला. तो बिचारा फुटबॉलवाला. परत घ्यायची मुदत सात दिवस आणि वाढदिवस दहाव्या दिवशी. आता गरम कढई उतरवायला वापरते, उत्तम आहेत.

माळ्यावरची_पेटी
@चहा_बिस्किट, हे वाचून खरंच बरं वाटलं.

तीन_काठ्या
गेली बरीच वर्षं पोरांना गोलकीपिंग शिकवतो म्हणून लिहितो, बसस्टॉपवर आहे, चुका पोटात घाला. ज्या हातानं लिहिता त्या हाताचा तळवा, बोटांच्या मुळाखाली जिथे सगळ्यात रुंद तिथे, टेप गोल फिरवायची. अंगठा सोडून. इंचात जे येईल ते वरच्या पूर्ण आकड्यावर न्यायचं आणि एक मिळवायचा. साडेसात आलं तर आठ, अधिक एक, नऊ. हा मोठ्यांचा अंदाज झाला. लहान पोरांना त्या त्या कंपनीचा तक्ताच बघा. मोज्यात बोटाच्या टोकाला साधारण सेंटिमीटरभर जागा हवी. वाढत्या अंगाचा नियम इथे चालत नाही, बोटाला बॉल कळला पाहिजे.
आणि कट बघा. निगेटिव्ह कटची शिवण आतून असते, तो घट्ट बसतो. फ्लॅट कट सैल. एकाच नंबरचे दोन मोजे हातात वेगवेगळे वाटतात ते यामुळे. बस आली.

हिरवी_मिरची
विषय सोडून विचारते, कोल्हापुरात स्टेशनजवळ सकाळी सातला मिसळ कुठे मिळेल? शनिवारी येतोय.

रंकाळ्याचा_वारा
@हिरवी_मिरची व्यनि (खासगी निरोप) केलाय. इथे नाव घेतलं तर पेठा पेठांत भांडणं लागतील.

श्टुटगार्टची_आई
इथे मुलांचे कपडे उंचीवर असतात. १४०, १५२, १६४ म्हणजे सेंटिमीटर. पुण्याहून सासूबाईंनी फोनवर विचारलं, 'एकशे बावन्न? कंबर?' अर्धा तास हसत होतो. पण सोपं पडतं, पोराला भिंतीला उभं केलं की काम झालं.
पँटचं मात्र आमचंही चुकलं. पॅडवाली लांब पँट एक माप मोठी घेतली, तर गुडघ्याचं पॅड नडगीवर आणि कमरेचं मांडीवर. डाइव्ह मारली की नेमकं हाड आपटायचं. जर्सी सैल चालते, पॅडवाली कुठलीच वस्तू चालत नाही.

सासष्टीकार
जर्सी सैल म्हणजे किती सैल? मेक्सिकोचा होर्हे कँपोस आठवतो का, १९९४ चा वर्ल्ड कप? माणूस साडेपाच फुटांच्या आसपास आणि अंगात स्वतःच डिझाइन केलेला भडक रंगांचा तंबू. आमच्या वाड्यावरच्या प्रत्येक गोलीला तसाच हवा होता. गोव्यात खरं तर ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोली घरचा, पण पोरांना तंबू!

गुपचूप_वाचक
गोलकीपरच्या जर्सीचा रंग वेगळा का असतो पण? भाबडा प्रश्न.

तीन_काठ्या
नियमच आहे. दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंच, सगळ्यांहून वेगळा दिसला पाहिजे. म्हणून मागवताना आधी संघाचा रंग विचारा. एकानं हौसेनं पिवळी आणली, समोरचा संघ पिवळा. उलटी घालून खेळला.

नागपुरी_संत्रं
मुलींचं कोणी बोलतच नाहीये. लेकीला जर्सी हवी होती तर जिथे तिथे पुरुषांचंच माप, खांद्यात पडतं आणि बाह्या बोटांवर. शेवटी तिचा नीट बसणारा टी-शर्ट पलंगावर पसरला, काखेपासून काखेपर्यंत मोजलं, दुप्पट केलं आणि तक्त्यातल्या छातीशी ताडून पाहिलं. बरोबर बसली. आपली गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळून आली, तरी आमच्या पोरींनी दादाच्या बाह्या दुमडायच्या!

चहा_बिस्किट
+१. बाह्यांचं अगदी अगदी.

माळ्यावरची_पेटी
आमची जर्सी तीन वर्षं चालली, तेवढे पैसे वसूल. बरं, लेटेक्स असं का झालं? मी धुऊन कडक उन्हात वाळवून ठेवले होते हो.

तीन_काठ्या
तेच नडलं. ऊन आणि मशीन दोन्ही नको. कोमट पाण्यात हातानं चोळायचे, सावलीत वाळवायचे, तळव्याला तळवा लावून ठेवायचे नाहीत. नवे असतानाही आधी कोमट पाण्यातून काढायचे, मग पकड येते.

रंकाळ्याचा_वारा
२००४ च्या युरो कपात पोर्तुगालचा गोली रिकार्दो, त्यानं मोजे काढून इंग्लंडची पेनल्टी अडवली आणि पुढची स्वतः मारून मॅच जिंकली. काकू, नऊ नाही, दहा नाही, शून्य नंबर मागवा.

गुपचूप_वाचक
आत्ता शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मोजलं. साडेनऊ आलं. म्हणजे अकरा?

तीन_काठ्या
अंगठा धरलात का?

गुपचूप_वाचक
…धरला.