जास्वंदीवरचा मिलीबग जातच नाही, आता पेरूवरही आलाय

बागवेडी:
जास्वंदीच्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठाशी मिलीबगचे (पिठ्या ढेकूण, रस शोषणारी कीड) पांढरे पुंजके झालेत, नवीन पानं आकसून गोळा होतायत आणि कळ्या उमलायच्या आधीच गळतायत. नीम ऑइल मारलं की थोडे दिवस बरं दिसतं, मग परत तेच. आता पेरूवरही आलाय, पानं चिकट आणि वर काळा थर. पेरू मुलं खातात त्यामुळे जहाल औषध नकोय. काय करू?

परसदार:
ताई आधी मुंग्या बघा, खोडावर रांग असणारच. मिलीबग जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्या खातात आणि म्हणून त्याला राखतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात, उचलून दुसऱ्या फांदीवर पण नेतात. मुंग्या चालू आहेत तोवर कितीही फवारा, फरक पडत नाही. पेरूच्या खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून वरून ग्रीस लावा (थेट सालीवर नको), आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा नाहीतर तिकडून चढतील. काळा थर म्हणजे चिकट्यावर वाढलेली बुरशी, त्याला वेगळं औषध लागत नाही.

मातीतला_माणूस:
मुंग्यांचं बरोबर आहे. पण नीम ऑइल एकदाच मारून उपयोग नाही, मोठ्या मादीच्या अंगावर मेण असतं त्यावरून पाणी ओघळून जातं आणि तिच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात. मरतात ती नुकती बाहेर पडलेली पिल्लं, त्यांच्यावर अजून मेण चढलेलं नसतं, म्हणून दर ७-८ दिवसांनी ३-४ वेळा तरी मारायलाच लागतं. त्याआधी जास्त भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाड धुवून घ्या. मग लिटरला ५ मिली तेल, थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी, पानांच्या खालून. आधी दोन-चार पानांवर मारून बघा. आणि युरिया वगैरे सध्या बंद, कोवळी फूट जास्त आली की हा आणखी वाढतो.

बागवेडी:
मुंग्या आहेत खरंच!! अजून एक, पेरूच्या पानाखाली एक मोठा पांढरा लोकरीसारखा किडा भराभर चालताना दिसला, तोही मिलीबगच का?

परसदार:
मारू नका त्याला!! भराभर चालत असेल आणि मिलीबगपेक्षा बराच मोठा असेल तर बहुतेक क्रिप्टोलिमसची (मिलीबग खाणारा एक भुंगेरा) अळी आहे. दिसायला अगदी मिलीबगसारखी पण खाते मिलीबगच, त्याची अंडी पण फस्त करते. तिचा भुंगेरा छोटासा, काळपट, डोकं नारिंगी.

मातीतला_माणूस:
मग पेरूवर फवारणी थांबवा, तिथे फक्त मुंग्या अडवा आणि त्या अळ्यांना खाऊ द्या. तेल-साबण जास्वंदीपुरतंच.