संसर्गजन्य रोगांच्या फेलोंना कुठल्या परिषदेला, कुठल्या ट्रेनिंगला पाठवावं? (मराठवाडा)

देवगिरीपायथा

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी फिजिशियन आहे. यंदा पहिल्यांदाच आम्ही इन्फेक्शियस डिसीजसाठी दोन फेलो (एमडीनंतर या विषयात शिकणारे डॉक्टर) घेतले. एकजण मेडिसिन एमडी, बीडचा. दुसरी मायक्रोबायॉलॉजी एमडी, परभणीची. मुदत एक वर्ष. दोघांच्या शिक्षणासाठी मिळून दीड लाख रुपये मंजूर झालेत. त्यासाठी आठ महिने फाइल हातात घेऊन फिरलोय, म्हणून एक रुपयासुद्धा चुकीच्या जागी जाऊ नये असं वाटतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरचे (काळ्या बुरशीचे) पेशंट एकामागून एक येत होते, तेव्हा रात्री बुरशी दाखवणारी केओएचची स्लाइड खात्रीने वाचणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. सकाळपर्यंत थांबावं लागायचं आणि तेवढ्यात डोळा जायचा. ती वेळ या मुलांवर येऊ नये.

तर सिडस्कॉन की एपिकॉन? परदेशातलं काही बघावं का? की परिषदा सोडून दुसरंच काही?

मांजराकाठ

सर, आधी अभिनंदन. लातूरला बसून तुमच्या दोन फेलोंचा हेवा वाटला.

परिषद एकच निवडायची तर सिडस्कॉन. क्लिनिकल इन्फेक्शियस डिसीजेस सोसायटीची ही वार्षिक परिषद आहे आणि तिथे बोलणारे बहुतेक रोज वॉर्डात राउंड घेणारे असतात. एपिकॉन, म्हणजे फिजिशियनांच्या संघटनेची परिषद, चांगली आहे, पण तिथे सगळं मेडिसिन असतं, आपला विषय एका कोपऱ्यात. मात्र नुसतं ऐकायला पाठवू नका. दोघांचं एकेक पोस्टर तयार करून घ्या, त्या निमित्ताने सहा महिने फाइली चाळल्या जातात. खरं शिक्षण तिथेच होतं.

परदेशाचं यंदा नको. युरोपातली ईएसक्मिड ग्लोबल (२०२३ पर्यंत तिला एक्मिड म्हणायचे) वसंतात असते, अमेरिकेतली आयडीवीक ऑक्टोबरात. विमान, व्हिसा, हॉटेल धरलं तर एका माणसातच तुमचे दीड लाख संपतील. औषध कंपनी खर्च करेल असं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. औषध कंपन्यांसाठीच्या मार्च २०२४ च्या सरकारी संहितेनुसार कंपनीने डॉक्टरचा प्रवास नि मुक्काम करायचा नाही, वक्ता असेल तर गोष्ट वेगळी. आणि संहिता नसती तरी, ज्याला पुढे अँटिबायोटिकवर अंकुश ठेवायचाय त्याने सुरुवातच कंपनीच्या पैशाने करू नये, असं माझं ठाम मत आहे.

पेट्रीडिश

नांदेडहून. मी मायक्रोबायॉलॉजीवाली, त्यामुळे माझं माप लॅबकडे झुकणार.

सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच दुसऱ्या परिच्छेदात आहे. मेडिसिनच्या मुलाला आधी दोन महिने रोज सकाळी तासभर तुमच्याच लॅबमध्ये बसवा. खर्च शून्य. बाटलीत आठ-दहा मिली रक्त गेलं नाही, एकच सेट पाठवला, किंवा अँटिबायोटिक सुरू करून मग कल्चर काढलं, तर पुढचं सगळं लटकं पडतं हे त्याला डोळ्यांनी दिसू दे. कोलिस्टिन या राखीव अँटिबायोटिकची डिस्क लावून 'सेन्सिटिव्ह' असा रिपोर्ट अजूनही कुठे कुठे येतो. ते औषध जाड रेणूचं, अगारमध्ये नीट पसरतच नाही, म्हणून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत द्रवात जंतू वाढवून पाहणं) लागतं. हे ज्या फिजिशियनला ठाऊक आहे तो रिपोर्ट हातात आला की लॅबला फोन करतो. कँडिडा ऑरिस या बुरशीचंही तसंच. जुन्या डेटाबेसची यंत्रं तिला कँडिडा हिमुलोनाय ही दुसरीच जात म्हणून मोकळी होतात.

बुरशीसाठी चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेची मायकॉलॉजी (बुरशीचा विभाग). देशात त्या तोडीचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. तिथे प्रत्यक्ष हाताने करायचं प्रशिक्षण मिळतं का, कधी मिळतं, ते विभागाला पत्र लिहून विचारा. परभणीच्या मुलीला पाठवा. सचखंड एक्सप्रेसने अंबाल्याला उतरायचं, पुढे चंदीगड जवळच. म्युकरचे रुंद, पडदे नसलेले, काटकोनात फुटणारे तंतू शंभर स्लाइडांवर पाहून आली की रात्री दोनलाही तिचा हात थरथरणार नाही. आल्यावर मुलाला तिनेच शिकवायचं, अशी अट घाला.

बालाघाटची_लेक

मी मागच्या वर्षी फेलोशिप संपवली, आता अंबाजोगाईकडे आहे. सर, एकच विनंती. परिषदेचे दिवस 'ऑन ड्यूटी' धरा. माझ्या वेळी ती रजा माझ्या खात्यातून कापली आणि परतल्या रात्रीच आयसीयूची ड्यूटी लावली. ऐकलेलं काहीच टिपायला मिळालं नाही. त्यांच्या जागी कोण, हे आधी ठरवा.

दुसरं, बाहेर जे शिकवतात त्यात आपल्या भागातलं किती असतं तेही बघा. पावसाळ्यानंतर ताप, प्लेटलेट कमी, सगळे डेंग्यू म्हणायलेत, आणि काखेत किंवा जांघेत काळी खपली. कपडे काढून पाहिलं तरच स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप) सापडतो, आणि डॉक्सिसायक्लिन दिलं की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. हे मी परिषदेत नाही, एका सिस्टरकडून शिकले. त्यामुळे घाटीच्या (सरकारी रुग्णालयाच्या) एआरटी, म्हणजे एचआयव्ही उपचार, केंद्रात दोन आठवडे आणि टीबीच्या बाजूला दोन आठवडे बसायची परवानगी मागा. एमडीआर (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या) टीबीला सहा महिन्यांची बीपॅल्म ही चार औषधांची रेजिमेन आपल्याकडे २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्यातल्या लिनेझोलिडने पाय बधिर झालेला पेशंट एकदा स्वतः तपासला की डोस आणि सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) कायम लक्षात राहतात.

मांजराकाठ

ताईंचं शंभर टक्के बरोबर. मोफतचं राहिलं होतं, ते सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचे अँटिबायोटिक स्टुअर्डशिपचे (ती औषधं जपून वापरण्याचे) ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, फी नाही. दोघांनी एकत्र बसून करावेत, एकट्याने अर्धवट सुटतात.

गोदाकाठचा

नोंदणी करताना एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट तास आहेत का ते बघून घ्या. पाच वर्षांत ३० लागतात.

देवगिरीपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यापासून मुलगा सकाळी आठ ते नऊ लॅबमध्ये, हे आत्ताच ठरवून टाकलं. चंदीगडला पत्र लिहितो. सिडस्कॉनला दोघंही, पोस्टरसह, ऑन ड्यूटी. घाटीच्या परवानगीसाठी सोमवारी स्वतः जातो.

पेट्रीडिश मॅडम, आमच्याकडे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन नाही. उरलेल्या पैशातून ते सुरू करता येईल का? महिन्याला साधारण किती नमुने असतील तर परवडतं?