मदत हवी आहे: ७८ टक्के टॅक्स घेऊनही नॉर्वेतून तेल कंपन्या पळून का जात नाहीत?

टीपकागद

नमस्कार मंडळी. आमचा पाचसहा जणांचा वाचनगट आहे, दर महिन्याला एकाने विषय घेऊन बोलायचं. यावेळी माझ्या गळ्यात "सरकारी धोरण आणि तेल उद्योग" पडलाय, शनिवारी बोलायचंय आणि मी पार अडकलेय.

आधी वाटलं सोपं आहे, टॅक्स कमी केला की कंपन्या येतात, वाढवला की जातात, मधे थोडं ओपेक (तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना) पेरायचं की झाली वीस मिनिटं. मग नॉर्वेचं वाचलं आणि सगळं मुसळ केरात. तिथे तेल कंपनीच्या नफ्यावर २२ टक्के नेहमीचा कंपनी कर आणि वर तेलासाठीचा स्पेशल टॅक्स, दोन्ही मिळून ७८ टक्के! तरी तिथे कंपन्या आहेत, विहिरी खणतायत, योहान स्वेर्डरुपसारखं प्रचंड मोठं तेलक्षेत्र २०१० मधे सापडलं आणि २०१९ मधे चालूसुद्धा झालं. आणि त्याच उत्तर समुद्राच्या दुसऱ्या बाजूला ब्रिटन. तिथे २०२२ मधे तेलाचे भाव भडकल्यावर जादा नफ्यावर लेव्ही लावली, ती वाढत वाढत नोव्हेंबर २०२४ पासून एकूण टॅक्स झाला ७८ टक्के. म्हणजे तोच आकडा! पण तिथल्या कंपन्या मात्र म्हणतायत आम्ही मेलो, गुंतवणूक थांबवतो.

मी एक्सेल शीट करून पाहिली. १०० कोटी डॉलर खर्च, १५० कोटींचं तेल विकलं, नफा ५०, त्यातले ३९ सरकारला, कंपनीला ११. १०० लावून ११ आणि तेही आठदहा वर्षांनी. बहिणीला दाखवलं तर म्हणाली एवढ्यासाठी समुद्रात कशाला जायचं, बँकेत ठेवावेत की पैसे.

तर प्रश्न असा की माझी शीट चुकलीय का, आणि चुकली असेल तर कुठे? आणि जमलं तर दुसरा प्रश्न, मुळात या खेळात कोण कोणाला नाचवतं, सरकार कंपन्यांना की कंपन्या सरकारला? अर्थशास्त्र मी बारावीनंतर सोडलं, त्यामुळे जरा सोप्या भाषेत सांगा प्लीज.

आकडेमोडे

ताई, बेरीज-वजाबाकी बरोबर आहे, फक्त तुमच्या शीटमधे सरकार शेवटच्या दिवशी येतं आणि वाटा घेऊन जातं. नॉर्वेचं सरकार पहिल्या दिवसापासून टेबलावर बसलेलं असतं.

असं बघा. १०० खर्च केले आणि ते त्याच वर्षी टॅक्समधून पूर्ण वजा करू दिले, तर दुसऱ्या विहिरींतून कमाई असलेल्या कंपनीचा त्या वर्षीचा टॅक्स ७८ ने कमी होतो. म्हणजे तिच्या खिशातून खरे गेले २२. पुढे १५० चं तेल विकलं, त्यावर ७८ टक्के म्हणजे ११७ सरकारला, ३३ तिला. २२ घातले ३३ आले. टक्केवारी काढा, ५० टक्के! टॅक्स शून्य असता तर १०० चे १५० झाले असते, तेही ५० टक्केच. सरकार इथे वसुली करणारं नाहीच, ७८ टक्क्यांचा स्लीपिंग पार्टनर आहे. कंपनीचा तुकडा लहान होतो पण परताव्याचा दर तोच राहतो.

तुम्ही वजावट शेवटी केलीत म्हणून ११ आले. सगळी मेख "कधी वजा करायचं" यात आहे, आणि वर्तमानपत्रात छापून येतो फक्त ७८.

एक दुरुस्ती मीच करतो नाहीतर कोणीतरी येऊन कान पकडेल. नॉर्वेत २०२२ पासून स्पेशल टॅक्सचा भाग असा कॅश फ्लोवर आहे, म्हणजे खर्च झाला त्याच वर्षी पूर्ण वजा. २२ टक्केवाल्या नेहमीच्या करात मात्र घसारा, म्हणजे भांडवली खर्चाची वजावट, सहा वर्षांत विभागूनच घ्यावा लागतो. त्यामुळे माझं गणित जरा जास्तच गुळगुळीत आहे, प्रत्यक्षात दर थोडा खाली येतो. पण दिशा हीच.

कोरडी विहीर

मी ड्रिलिंगच्या लाइनमधे बरीच वर्षं काढली म्हणून नाव असं घेतलंय. वरचं गणित नफ्याच्या विहिरीचं झालं, आता कोरड्या विहिरीचं ऐका कारण खरा फरक तिथे कळतो.

खणताना चिखलाबरोबर दगडाची चुरी वर येते. ती चाळणीवरून उचलायची, धुवायची आणि अंधाऱ्या पेटीत युव्ही दिव्याखाली धरायची. तेलाचा अंश असेल तर पिवळट निळसर चमकते. रात्री तीनला भूगर्भवाला एकामागून एक नमुने धरतोय आणि चुरी नुसती काळी ठिक्कर, हे मी कितीदा पाहिलंय. मग कोणी काही बोलत नाही, कॉफी संपते, सकाळी फोन जातो आणि विहिरीत सिमेंट भरून पुढे निघायचं. कोट्यवधी डॉलर त्या भोकात गेलेले असतात.

आता मोठ्या कंपनीचं ठीक आहे हो, तिची दुसरीकडे कमाई असते त्यातून ती हा खर्च वजा करते. पण नवीन छोटी कंपनी, जिची कमाईच नाही, ती कशातून वजा करणार? तिची विहीर कोरडी गेली की शंभरातले शंभर तिचेच गेले. म्हणून नॉर्वेने २००५ ते २०२१ असं केलं की तोट्यातल्या कंपनीला शोधकामाच्या खर्चाची टॅक्स-किंमत, म्हणजे ७८ टक्के, त्याच्या पुढच्या वर्षी रोख परत (२०२२ पासून रोख परत फक्त स्पेशल टॅक्सच्या भागापुरतं). त्यानंतर लहान कंपन्यांची रांग लागली. यावर टीकाही भरपूर झाली की दुसऱ्याच्या पैशावर जुगार खेळायला दिलाय. मला विचाराल तर टीकेत तथ्य आहे, पण विहीर लागली की ७८ टक्के सरकारचेच हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

पिंपमोजणी

वरच्या दोघांशी सहमत. पण "टॅक्स" या एका शब्दात वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात तेवढं शनिवारी नक्की सांगा.

रॉयल्टी ही विक्रीवर असते, नफा झाला की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुमच्याच शीटमधे २० टक्के रॉयल्टी टाका. १५० ची विक्री, ३० गेले, उरले १२०, म्हणजे २० फायदा, कंपनी खूष. आता भाव पडला आणि विक्री झाली ११०. रॉयल्टी २२, हातात ८८, खर्च १००. खरं तर प्रकल्प १० ने फायद्यात होता पण रॉयल्टीने तो १२ ने तोट्यात घातला, म्हणजे तो होणारच नाही. २० टक्के ऐकायला किती गरीब वाटतात ना, आणि ७८ राक्षस! (नॉर्वेने रॉयल्टी हळूहळू बंदच केली ती याचसाठी.) तरी सरकारांना रॉयल्टी आवडते कारण पहिल्या पिंपापासून पैसे चालू, आणि कंपनीने खर्च फुगवून दाखवला तरी फरक पडत नाही. नफ्यावरच्या करात खर्च तपासायला हुशार माणसं लागतात, ती नसली की कंपनी सोन्याचे नळ बसवते आणि बिल सरकारवर फाडते.

नावावर तर अजिबात जाऊ नका. अमेरिकेने १९८० मधे "विंडफॉल प्रॉफिट टॅक्स" आणला, नावात प्रॉफिट, पण प्रत्यक्षात तो पिंपामागे बाजारभाव आणि ठरवलेला मूळ भाव यातल्या फरकावर लावलेला अबकारी कर होता. पुढे भाव कोसळले आणि १९८८ मधे रद्द केला.

टीपकागद

अरे देवा, म्हणजे मी गेले चार दिवस चुकीच्या आकड्याशी भांडत होते. शीट सुधारली, २२ चे ३३ बरोबर येतायत, कोरड्या विहिरीची ओळ पण घातली. सगळ्यांचे आभार! पण मग ब्रिटनचं काय? तिथे खर्च वजा करू देत नाहीत का?

आकडेमोडे

देतात की, तिथेही भांडवली खर्च पहिल्याच वर्षी वजा होतो, त्यामुळे "नॉर्वे शहाणं ब्रिटन खुळं" असं मांडू नका. फरक दोनतीन ठिकाणी आहे. कमाई नसलेल्या कंपनीला तिथे रोख परत मिळत नाही, तोटा पुढे ओढत न्यायचा. म्हाताऱ्या विहिरी बुजवायचा आणि प्लॅटफॉर्म काढायचा खर्च नव्या लेव्हीतून वजा होत नाही.

आणि मुख्य म्हणजे नियम टिकत नाहीत. नुसता सप्लिमेंटरी चार्ज (तेल कंपन्यांच्या नफ्यावरचा तिथला जादा कर) बघा, २००२ मधे १० टक्के आणला, २००६ मधे २०, २०११ मधे ३२, भाव पडल्यावर २०१५ मधे २०, २०१६ मधे परत १०. मग २०२२ ची लेव्ही, आधी २५ टक्के, २०२३ पासून ३५, मग ३८. ती "तात्पुरती" होती बरं का, २०२५ अखेर संपणार होती, मग २०२८ चा मार्च, मग २०२९ चा, आता २०३० चा. सुरुवातीला गुंतवणुकीवर जादा वजावट दिली, २०२४ मधे त्यातली मुख्य सवलत काढून घेतली. तेलक्षेत्र सापडल्यापासून तेल निघेपर्यंत नऊदहा वर्षं सहज जातात. इथे तर अर्थमंत्री त्याहून भराभर बदलतात.

हेही लक्षात घ्या की ब्रिटनच्या बाजूचं तेल १९९९ पासून उतरणीला लागलंय, उरलेली क्षेत्रं लहान आणि महाग. सगळं खापर टॅक्सवर फोडणं कंपन्यांना सोयीचं आहे.

जुना खलाशी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलंच नाही, कोण कोणाला नाचवतं. उत्तर तारखेवर अवलंबून आहे ताई. तेल सापडायच्या आधी सरकारची अवस्था अडला हरी गाढवाचे पाय धरी. पैसा, तंत्र, जहाजं सगळं कंपनीकडे, मग सवलती देऊन बोलवायचं. एकदा अब्जावधी ओतून प्लॅटफॉर्म उभा राहिला की तो काय खांद्यावर टाकून नेता येतो का? मग गरज सरो वैद्य मरो, सरकार कराराला हात घालतं. मेक्सिकोने १९३८ मधे परदेशी कंपन्या थेट ताब्यात घेतल्या, इराणने १९५१ मधे. नॉर्वेसुद्धा यातून सुटलेलं नाही, १९७३ मधे भाव चौपट व्हायला लागल्यावर १९७५ मधेच त्यांनी स्पेशल टॅक्स आणला आणि तेव्हाही कंपन्यांनी ओरड केलीच होती.

माझा आवडता किस्सा १९५० चा आहे. सौदी अरेबियाला अराम्कोच्या (तिथे तेल काढणाऱ्या, अमेरिकन कंपन्यांच्या मालकीच्या कंपनीच्या) नफ्यातला निम्मा वाटा हवा होता. मग तो रॉयल्टी म्हणून न देता इन्कम टॅक्स म्हणून द्यायचं ठरलं, कारण परदेशात भरलेला इन्कम टॅक्स अमेरिकेतल्या टॅक्समधून वळता करून मिळायचा. म्हणजे सौदीला पैसे मिळाले, कंपन्यांचं फारसं काही गेलं नाही आणि भार पडला अमेरिकेच्या तिजोरीवर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचीही याला हरकत नव्हती. आता यात कोणी कोणाला नाचवलं ते तुम्हीच सांगा.

शंकासूर

नॉर्वेची एवढी आरती चाललीय म्हणून थोडं मीठ टाकतो. एप्रिल २०२० मधे करोनामुळे भाव कोसळले, अमेरिकेत तेलाचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव) पिंपाला उणे ३७ डॉलरवर गेला, तेव्हा नॉर्वेतल्या तेल कंपन्यांनीही सरकारचं दार ठोठावलंच. जूनमधे संसदेने तात्पुरता टॅक्स बदल केला, खर्चाची वजावट लगेच, वर खर्चापेक्षा जास्त वजावटीची गोडी, अट एवढीच की प्रकल्पाचा आराखडा २०२२ अखेरपर्यंत सादर करायचा. मग २०२२ च्या डिसेंबरात आराखड्यांची रांग लागली, आणि तोवर तेलाचे भाव कुठल्या कुठे वर गेले होते! स्लीपिंग पार्टनर म्हणता ना, त्याला झोपेतून उठवून सह्या घेता येतात. लॉबिंग तिथेही चालतं, फक्त कोट-टाय नीट असतो.

टीपकागद

शंकासूर, हे घेतेच, नाहीतर माझं भाषण नॉर्वेच्या पर्यटन खात्याचं वाटलं असतं. :)

आता ठरवलंय की ओपेक वगैरे काही घ्यायचं नाही, फळ्यावर फक्त ती शीट मांडायची, एक लागलेली विहीर, एक कोरडी, एक रॉयल्टीवाली, आणि शेवटी अराम्कोचा किस्सा. एकच बारीक शंका राहिलीय. तो २२ टक्केवाला सहा वर्षांचा घसारा, ती सहा वर्षं खर्च केल्यापासून मोजायची की तेल निघायला लागल्यापासून? शीटमधे दोन्ही करून पाहिलं तर बराच फरक पडतोय.

आकडेमोडे

खर्च केल्यापासून. तेल निघेपर्यंत थांबावं लागत नाही, प्लॅटफॉर्म बंदरात अर्धवट उभा असला तरी घसारा चालू. दुसरा कॉलम उडवा.