'कॉम्बॅट!': जर्मन संवादांना सबटायटल्स नाहीत. माझी कॉपी खराब आहे का?

धुळाक्षर:
मंडळी, एक शंका आहे. 'कॉम्बॅट!' ही दुसऱ्या महायुद्धावरची जुनी अमेरिकन मालिका नुकतीच बघायला घेतली आहे. ए.बी.सी. वाहिनीवर २ ऑक्टोबर १९६२ ला सुरू झालेली, ब्लॅक अँड व्हाइट. फ्रान्सच्या किनाऱ्यावर, नॉर्मंडीत उतरलेली अमेरिकन पायदळाची तुकडी, सार्जंट सॉन्डर्स, लेफ्टनंट हॅन्ले वगैरे. पाच भाग झाले. डीव्हीडी सेट एका ओळखीच्याकडून जुना घेतला, त्यामुळे परत करायची सोय नाही.

अडचण अशी की इंग्रजी सबटायटल्स व्यवस्थित येतात, पण जर्मन सैनिक बोलायला लागले की खाली काहीच नाही. दोन जर्मन भिंतीआड उभे राहून काहीतरी ठरवतात आणि मला काडीचं कळत नाही. फ्रेंच गावकरी बोलतात तेव्हाही तेच. कुणाकडे पूर्ण सबटायटल्सवाली कॉपी आहे का? आणि एकूण १५२ भाग दिसतायत. सगळे बघायचे की निवडक?

खंदक:
माझ्याकडेही कोरंच आहे. मी समजलो होतो पैसे वाचवले असतील.

मधली_ओळ:
धुळाक्षर, कॉपी बदलू नका. ती जागा कोरी ठेवलेलीच आहे.

माझं पोटच सबटायटल्सवर आहे, म्हणून जरा लांबण लावते. आमच्याकडे पात्राने तोंड उघडलं आणि खाली ओळ आली नाही, की तपासणारा लाल खूण करून फाइल परत पाठवतो. त्यामुळे पहिल्यांदा मीही तुमच्यासारखीच वैतागले होते. तिसऱ्या की चौथ्या भागात ट्यूब पेटली. कॅमेरा जर्मनांच्या बाजूला जातो, पण आपल्याला तिकडे जाऊ देत नाही. भिंतीपलीकडचं स्क्वॉडला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. ते दोघे हल्ल्याचं ठरवतायत की सिगारेट मागतायत, कोण जाणे. एकदा हे लक्षात आलं की त्यांच्या तोंडाकडे बघणं सुटतं आणि हातांकडे बघायला लागतो आपण. बोट कुठे आहे, हातबॉम्बची पिन काढली का.

फ्रेंचची गंमत वेगळी. या माणसांना फ्रेंचमध्ये आधार एकच, केज. लुइझियानाचा केजन, म्हणजे तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांतला. समजा, गावातली एक म्हातारी पदराने डोळे पुसावेत तसे अ‍ॅप्रनने पुसत दहा वाक्यं बोलते. केज मान वळवून सॉन्डर्सला सांगतो: तळघरात, तिघे. बाकीची आठ वाक्यं गेली कुठे? मला हे बघून हसू येतं, कारण मी दिवसभर तेच करते. बेचाळीस अक्षरांत बसत नाही ते कापायचं. केजचं काम करणारा पियर जॅल्बेर मूळचा क्वेबेकचा, तेव्हा ते फ्रेंच पाठ करून म्हटलेलं नाही. बुवा स्कीइंगमधला मोठा खेळाडू. १९४८ च्या ऑलिंपिकला कॅनडाच्या स्की संघाचा कप्तान म्हणून जायचा होता, पाय मोडला. पुढे एम.जी.एम. या फिल्म स्टुडिओत एडिटिंगच्या कामाला लागला आणि तिथून या मालिकेत.

मागच्या वर्षी कामं कमी होती तेव्हा मी हौसेने चार भागांची मराठी सबटायटल्स केली. स्वतःसाठी, आणि बाबांसाठी. त्यांना आता कमी ऐकू येतं आणि इंग्रजी ओळी धावत वाचायचा कंटाळा. वाटलं, सोपं आहे, सॉन्डर्स तीन शब्दांच्या वर बोलतो कुठे? आणि अडकले पहिल्याच पानावर. तुकडीतला साधा शिपाई किर्बी सॉन्डर्सला काय म्हणेल, तू की तुम्ही?

इंग्रजीला ही कटकट नाही, एका 'यू'वर सगळं भागतं. मराठीत ठरवावंच लागतं आणि ठरवलं की नातं उघडं पडतं. सॉन्डर्स हॅन्लेला 'तुम्ही' म्हणणार, तो अधिकारी आहे. हॅन्ले सॉन्डर्सला? आधी सरळ 'तू' लिहिलं. वाचून बघितलं तर हॅन्ले एकदम खडूस साहेब झाला, आणि तो तसा नाही. दोघं एकत्र इतकं भोगलेले आहेत. शेवटी हॅन्लेच्या वाक्यांतून सर्वनामच काढून टाकलं. 'पलीकडून जायला जमेल का?' असं. आणि किर्बी, जो प्रत्येक हुकुमावर कुरकुर करतो, तो 'तुम्ही' म्हणत कुरकुरतो. पण गोळीबारात घाबरला की 'तू'वर येतो. मूळ इंग्रजीत असं काही नाही, पण किर्बी झालेल्या जॅक होगनच्या आवाजात मला ते ऐकू येतं. चूक असेल तर असो.

वायरलेसवरचा पुकारा तर तसाच सोडला. 'चेकमेट किंग टू, धिस इज व्हाइट रूक.' बुद्धिबळातला रूक म्हणजे आपला हत्ती. सॉन्डर्स धापा टाकत खंदकातून सांगतोय, 'मी पांढरा हत्ती बोलतोय'! बाबांना हे सांगितलं तर पोट धरून हसले.

आता निवडक भागांचं. पहिल्या सीझनमध्ये रॉबर्ट ऑल्टमनने दिग्दर्शित केलेले दहा भाग आहेत, ते चुकवू नका. त्यातला 'सर्व्हायव्हल' आधी लावा. सॉन्डर्सचे हात भाजलेले, स्क्वॉडपासून तुटलेला, भान गेलेला. भटकताना एक मेलेला जर्मन सैनिक सापडतो आणि हा त्याला आपला भाऊ समजून उचलून नेतो. बराच वेळ जवळजवळ संवादच नाहीत. बाबांनी मधेच विचारलं, 'तुझ्या ओळी बंद पडल्या का गं?' मी म्हटलं, नाही बाबा, तो बोलतच नाहीये. मग ते खुर्ची पुढे ओढून बसले. बधिर झालेली बोटं जपत, मनगटांनी आणि कोपरांनी ओझं सावरणारा माणूस. सॉन्डर्स झालेल्या व्हिक मॉरोला या कामासाठी एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्या भागाची माझी फाइल जेमतेम दोन पानं आहे.

दुसरा 'हिल्स आर फॉर हीरोज'. चौथा सीझन, दोन भागांत, मार्च १९६६. दिग्दर्शक खुद्द मॉरो. लेखक जीन एल. कून, जो पुढे 'स्टार ट्रेक'कडे गेला. गोष्ट काय, तर एक टेकडी, वर जर्मनांचे बंकर, आणि हॅन्लेच्या पलटणीला हुकूम, चढा. चढतात, मरतात, खाली येतात. पुन्हा चढतात. शेवट सांगत नाही, पण हॅन्लेच्या चेहऱ्यासाठी बघा. ज्यांना हॅन्ले म्हणजे नुसता देखणा लेफ्टनंट वाटतो त्यांनी तर नक्की. तुकडीचा वैद्यकीय सैनिक डॉक झालेल्या कॉनलन कार्टरचं एमी नामांकन मात्र आधीच्या 'द होस्टेजेस' या भागासाठीचं.

तिरपा_डोळा:
वर सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. ते फ्रेंच गाव म्हणजे कॅलिफोर्नियात कल्व्हर सिटीतलं एम.जी.एम.चं बॅकलॉट, म्हणजे स्टुडिओमागचं चित्रीकरणाचं आवार. तोच चौक, तोच पूल, तोच कोपरा. मालिकेत एकच गाव इतक्या वेळा मुक्त होतं की गावकऱ्यांनी कंटाळून दारं उघडीच ठेवायला हवी होती. नॉर्मंडी ते जर्मनीची शरणागती म्हणजे ६ जून १९४४ ते मे १९४५, अकरा महिने. मालिका चालली मार्च १९६७ पर्यंत, साडेचार वर्षं. सॉन्डर्सला इतक्या वेळा गोळी लागते की त्याच्या अंगात रक्तापेक्षा शिसं जास्त असावं.

आणि पहिला भाग पहिला नाही. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याचा 'अ डे इन जून' आधी चित्रित झाला, दाखवला मात्र डिसेंबर १९६२ मध्ये. तुमच्या डीव्हीडी सेटमध्ये तो कुठे आहे ते बघून घ्या, नाहीतर गोंधळ होईल.

एवढं असूनही मी तिसऱ्यांदा बघतोय. कारण एकच, ही माणसं दमलेली दिसतात. त्याच मोसमात, त्याच वाहिनीवर इटलीतल्या लढाईवरची 'द गॅलंट मेन' होती, ती एका वर्षात गुंडाळली. 'कॉम्बॅट!'चा जनक रॉबर्ट पिरॉश स्वतः पायदळात होता, बल्जच्या लढाईत होता, आणि त्याच अनुभवावरच्या 'बॅटलग्राउंड' या चित्रपटाच्या पटकथेला त्याला ऑस्कर मिळालं. बसायला मिळालं की माणूस आधी बूट सैल करतो, हे त्याला कुणी सांगायला नको.

मधली_ओळ:
तिरपा_डोळा, गावाबद्दल अगदी मान्य. आता तर मला त्या चौकात कोणती खिडकी धोक्याची हे आधीच कळतं. बाबा मोठ्याने सांगतात, 'वर बघ, वर बघ.' सॉन्डर्स काही ऐकत नाही.

खंदक:
तुकडीतल्या लिटिलजॉनबद्दल कुणीच बोललं नाही? साडेसहा फूट उंच माणूस आणि नाव लिटिल. खंदक खणताना त्याला सगळ्यांपेक्षा खोल खणावा लागत असणार, हे मला पहिल्यापासून सतावतंय. माझं टोपणनाव तिथूनच आलंय.

धुळाक्षर:
सगळ्यांचे आभार. काल रात्री 'सर्व्हायव्हल' बघितला. सबटायटल्स मुद्दाम बंद केली होती, इंग्रजीसुद्धा. मधे एकदा फोन वाजला, उचलला नाही.

आता एक कबुली. भिंतीआडच्या त्या दोन जर्मनांचं बोलणं मी भाषांतराच्या अ‍ॅपला ऐकवलं होतं. अर्धवटच उतरलं, पण उतरलं त्यात पाण्याबद्दल काहीतरी होतं. बाटली रिकामी आहे, असं. आता वाटतंय की नसतं ऐकवलं तर बरं झालं असतं. तो भाग पुन्हा लावला, आणि पुढे त्यांच्यावर गोळ्या झाडल्या जातात तिथे बाटलीच दिसत राहिली.

मधली_ओळ, तुमच्या त्या चार फाइली मिळतील का? आणि शेवटचा सीझन रंगीत आहे म्हणे, २५ भाग. तो बघावा का?

मधली_ओळ:
बाटलीचं नका सांगू हो, आता मलाही दिसणार.

फाइली पाठवते, किर्बीच्या 'तू'वरून भांडायचं नाही या अटीवर. रंगीत सीझन आम्ही सुरू केला होता. बाबांनी दहा मिनिटांत विचारलं, 'हे रक्त लाल का आहे?' परत ब्लॅक अँड व्हाइट लावलं. ते पंचवीस अजून तसेच पडून आहेत.