कांद्याच्या मुळात सेल डिव्हिजन दिसतच नाहीये

ऐरोलीकर: ग्लासवर कांदा ठेवून मुळं मस्त आलीत, कार्माइनने (क्रोमोसोम रंगवणारा लाल रंग) रंगवून स्क्वॉशपण (काचेवर दाबून पातळ थर) केला पण सगळ्या लांबट पेशी नि गोल न्यूक्लियस, क्रोमोसोम कुठेच नाहीत, काय करू?

कळवेकर: लांबट पेशी म्हणजे मुळाचा वरचा भाग आलाय, तिथे डिव्हिजन होत नाही. टोकाचे १-२ मिमीच घे, रंगवल्यावर तेच गडद दिसतं, बाकी ब्लेडने उडव.

वाशीची ताई: आणि मुळं कापली की लगेच ३ भाग अल्कोहोल १ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये रात्रभर ठेव, मग डायल्यूट एचसीएलमध्ये (पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल) मऊ कर, कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाब, घासू नकोस. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच (दोन डिव्हिजनमधला काळ, तेव्हा क्रोमोसोम वेगळे दिसत नाहीत) असतात रे, स्लाइड सरकवत राहा. मेटाफेज (डिव्हिजनचा मधला टप्पा) सापडला की १६ क्रोमोसोम मधोमध रांगेत, काय सुंदर दिसतात!

कळवेकर: मायक्रोस्कोपच्या लेन्सपैकी आधी १०एक्सवर शोध, मग ४०एक्स.