मदत हवी आहे: एन्जिनएक्समागे दोन वेबसॉकेट सर्व्हर, एकाचे हँडशेक ४०० देते

उबुंटूवर नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली), ‘डब्ल्यूएस’ ही वेबसॉकेटची (सतत खुल्या राहणाऱ्या दुतर्फा जोडणीची) लायब्ररी वापरून, मी दोन स्वतंत्र प्रोसेस चालवतो: पोर्ट ८०८१ वर वजनकाट्यांची यंत्रे जोडतात आणि पोर्ट ८०८२ वर ब्राउझरमधील फलक (डॅशबोर्ड). एक प्रोसेस कोसळली तरी दुसरी चालू राहावी, म्हणून ही विभागणी मला आवश्यक वाटते. दोन्ही एकाच पोर्टवर आणण्याचा पर्याय कृपया सुचवू नये.

बाहेरून फक्त ४४३ पोर्ट खुले असल्याने पुढे एन्जिनएक्स (आलेल्या विनंत्या आतील सर्व्हरकडे पाठवणारा वेब सर्व्हर) ठेवून दोन लोकेशन ब्लॉक (कोणत्या पाथची विनंती कुठे पाठवायची ते नियम) लिहिले आहेत. ८०८१ व्यवस्थित चालते. ८०८२ कडे जाणारे हँडशेक (जोडणी सुरू करणारी देवाणघेवाण) मात्र १०१ (जोडणी मान्य) ऐवजी ४०० (चुकीची विनंती) देऊन तुटते.

दोन्ही ब्लॉकमध्ये एचटीटीपी १.१ तसेच ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ हेडर दिलेले आहेत, दोन्ही पोर्ट ऐकत असल्याचे ‘एसएस’ या आज्ञेने तपासले आहे आणि त्याच मशीनवरून ‘डब्ल्यूएसकॅट’ या चाचणी-साधनाने ८०८२ ला पूर्ण पाथसह थेट जोडले असता जोडणी लगेच होते. प्रमाणपत्राची अडचण नाही, कारण दोन्हींसाठी एकच आहे.

फरक एवढाच दिसतो की ८०८२ च्या सर्व्हरला ‘पाथ’ हा पर्याय (फक्त त्याच पाथवरील जोडणी स्वीकारण्यासाठी) दिला आहे आणि त्याच्या लोकेशन ब्लॉकच्या प्रॉक्सी-पासमधील (विनंती पुढे कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ) पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ आहे. कार्यालयाच्या अंतर्गत नेटवर्कमधील जुने फलक त्याच पाथने थेट जोडतात, त्यामुळे सर्व्हरवरील पाथ बदलता येणार नाही.

त्या रेघेमुळे एन्जिनएक्स पाथचा भाग कापून पुढे पाठवते आणि म्हणूनच लायब्ररी ४०० देते का? आणि तसे असल्यास केवळ रेघ काढणे पुरेसे आहे, की लोकेशनची जुळणीही बदलावी लागेल?